ग्रासा माशेल: दोन देशांची प्रथम महिला – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रासा माशेल म्हणजे नेल्सन मंडेलांच्या पत्नीच ना?

हो, तिसऱ्या पत्नी. पण ही ओळख त्यांना मिळाली तेव्हा वयाची ५२ वर्षं उलटून गेली होती. तोवर त्यांनी पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्यात भाग घेतला होता, मोझांबिकच्या शिक्षणमंत्री म्हणून १४ वर्षं काढली होती, नवरा विमान अपघातात गमावला होता आणि युद्धात होरपळणाऱ्या मुलांवर संयुक्त राष्ट्रांसाठी एक अहवाल लिहून अनेक सरकारांची झोप उडवली होती. मंडेलांच्या फोटोतली शेजारची बाई म्हणून त्यांना पाहणाऱ्यांची गोष्ट शेवटच्या प्रकरणापासून सुरू होते.

एकच स्त्री दोन देशांची प्रथम महिला कशी?

आधी मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्या पत्नी म्हणून (१९७५ ते १९८६) आणि मग दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष मंडेला यांच्या पत्नी म्हणून (जुलै १९९८ ते जून १९९९). पहिल्या ठिकाणी अकरा वर्षं, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम अकरा महिने. दोन वेगवेगळ्या प्रजासत्ताकांची प्रथम महिला झालेलं दुसरं उदाहरण आधुनिक काळात सांगितलं जात नाही.

त्यांचा जन्म कुठला? घरची परिस्थिती कशी होती?

१७ ऑक्टोबर १९४५, मोझांबिकच्या दक्षिणेकडच्या गाझा प्रांतात. (हा गाझा पॅलेस्टाईनमधला नव्हे.) माहेरचं आडनाव सिंबिने. सहा भावंडांतलं हे शेंडेफळ. वडील दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरी करून आलेले आणि नंतर मेथॉडिस्ट धर्मोपदेशक झालेले. मुलगी जन्माला येण्याच्या काही आठवडे आधीच ते वारले. जाण्यापूर्वी, पोटात असलेल्या या बाळाला शिकवायचंच, असं वचन त्यांनी घरच्यांकडून घेतलं होतं. घरच्यांनी ते पाळलं.

पोर्तुगीज राजवटीत आफ्रिकी मुलांना मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकायला मिळाल्या तरी खूप. ग्रासा राजधानी लोरेन्सो मार्क्समध्ये (आजचं मापुतो) हायस्कूलला पोचल्या, तेव्हा चाळीस जणांच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलगी त्या एकट्याच. आपल्याच देशात आपल्याला परकं का वाटावं, परके तर हे लोक आहेत, हा प्रश्न त्या वर्गात बसून पडल्याचं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलंय.

मग बंदूक हातात घेतली ती कशी?

१९६८ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या लिस्बन विद्यापीठात जर्मन भाषा आणि साहित्य शिकायला गेल्या. वसाहतीतून आलेले बरेच विद्यार्थी तिथे गुपचूप स्वातंत्र्याच्या चर्चा करत आणि पोर्तुगालचे गुप्त पोलीस त्यांच्या मागावर असत. अटकेची चिन्हं दिसू लागल्यावर १९७३ मध्ये ग्रासा पोर्तुगालमधून निसटल्या आणि टांझानियात पोचल्या. मोझांबिकच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या ‘फ्रेलिमो’ या संघटनेचं मुख्य ठाणं तिथे होतं.

तिथे त्यांनी लष्करी प्रशिक्षण घेतलं, रायफल खोलून पुन्हा जोडायला शिकल्या. पण त्यांचं खरं काम बागामोयो इथल्या फ्रेलिमोच्या माध्यमिक शाळेत होतं. लढ्यातली माणसं आणि निर्वासितांची मुलं तिथे शिकत. सामोरा माशेल यांची भेटही याच काळातली. एदुआर्दो मोंदलाने यांचा १९६९ मध्ये दार-एस-सलाममध्ये पार्सल बाँबने खून झाल्यानंतर फ्रेलिमोची सूत्रं सामोरांकडे आली होती.

जोझिना माशेल नेमक्या कोण? सामोरांची पत्नी की मुलगी?

दोघीही. हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. सामोरांची आधीची पत्नी जोझिना मुतेंबा ही फ्रेलिमोची तरुण लढवय्यी. ७ एप्रिल १९७१ रोजी ती आजारपणात वारली. वय अवघं २५. तिच्या स्मरणार्थ तो दिवस मोझांबिकचा महिला दिन म्हणून पाळला जातो. १९७५ मध्ये सामोरांशी लग्न झाल्यावर ग्रासांना मुलगी झाली, तेव्हा तिचंही नाव जोझिनाच ठेवलं गेलं. धाकटा मुलगा मालेंगाने. शिवाय सामोरांची आधीची मुलंही ग्रासांनीच सांभाळली.

नवरा राष्ट्राध्यक्ष आणि बायको मंत्री. ही घराणेशाही नाही का?

प्रश्न रास्त आहे. २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला आणि ग्रासा शिक्षण व संस्कृती मंत्री झाल्या. मंत्रिमंडळातल्या त्या एकमेव स्त्री. लग्न त्यानंतर काही आठवड्यांतच झालं. मंत्रिपदाची नेमणूक आणि लग्न यांच्यात इतकं कमी अंतर असल्यावर लोक बोलणारच.

माझं मत सांगतो. देशात पदवीपर्यंत पोचलेले कृष्णवर्णीय बोटांवर मोजण्याइतके होते. अशा वेळी परदेशी विद्यापीठात शिकलेली आणि संघटनेची शाळा चालवलेली व्यक्ती शिक्षणमंत्री झाली, यात वशिल्यापेक्षा निकड जास्त दिसते. दुसरी गोष्ट, सामोरा गेल्यानंतरही जवळपास तीन वर्षं, नवे राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो यांच्या हाताखाली, त्या मंत्री होत्या. १९८९ मध्ये पद सोडलं ते स्वतःहून.

युगांडात आज याच्याशी जुळणारं उदाहरण आहे. राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांच्या पत्नी जॅनेट मुसेवेनी २०१६ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्री झाल्या. खातं तेच, नातं तेच. पण त्या वेळी मुसेवेनींच्या सत्तेला तीस वर्षं झालेली होती आणि युगांडात शिकलेल्या माणसांचा दुष्काळही नव्हता. दोन्ही नेमणुका एकाच तागडीत घालता येत नाहीत.

शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी प्रत्यक्षात काय केलं?

सुरुवात कुठून झाली ते आधी पाहा. स्वातंत्र्याच्या वेळी निरक्षरता ९० टक्क्यांच्या वर. पोर्तुगीज नागरिक जहाजं-विमानं भरून निघून चाललेले आणि त्यांच्याबरोबर बहुतेक शिक्षक, डॉक्टर, कारकून, मेकॅनिकसुद्धा. काहींनी जाता जाता यंत्रं मोडली, कागदपत्रं जाळली. पाठ्यपुस्तकांत भूगोल पोर्तुगालच्या नद्यांचा आणि इतिहास पोर्तुगालच्या राजांचा.

स्वातंत्र्यानंतर महिन्याभरातच, २४ जुलै १९७५ रोजी, सगळ्या खासगी आणि मिशनच्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या. नवी पुस्तकं लिहून घेतली. १९७८ पासून देशभर साक्षरता मोहीम सुरू झाली. कारखान्यात, सहकारी शेतीवर, सैन्याच्या छावणीत, जिथे माणसं जमतील तिथे वर्ग भरायचे. शिक्षक कोण? जो चौथी शिकलाय तो दुसरीतल्याला शिकवेल, हे सूत्र. १९८० च्या जनगणनेपर्यंत निरक्षरता सुमारे ७२ टक्क्यांवर आली. पाच वर्षांत, पैसा नसताना आणि युद्ध सुरू असताना. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींची संख्या तर झपाट्याने वाढली, मुलींचीसुद्धा.

याची किंमतही होती आणि ती मोजली कोवळ्या मुलांनी. ८ मार्च १९७७ रोजी सामोरांनी राजधानीतल्या वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना बोलावून सांगितलं, की तुमचं शिक्षण आता थांबणार, देशाला तुमची गरज आहे. सोळा-सतरा वर्षांची पोरं. कुणाला शिक्षक म्हणून उत्तरेकडच्या खेड्यात धाडलं, कुणाला सैन्यात, कुणाला बँकेत किंवा परदेशी प्रशिक्षणाला. तू काय होणार हे ज्याचं त्याला कुणी विचारलं नाही. मोझांबिकमध्ये या सगळ्यांना आजही ‘आठ मार्चची पिढी’ म्हणतात. त्यांच्यातले काही पुढे मंत्री, लेखक, प्राध्यापक झाले आणि अभिमानाने सांगतात. डॉक्टर व्हायचं राहून गेलं, ही खंत बोलून दाखवणारेही आहेत. याच काळात हजारो मुलं क्यूबाच्या ‘तारुण्य बेटा’वरच्या शाळांत गेली, शेकडो पूर्व जर्मनीत. वर्षानुवर्षं आईबापांची भेट नाही.

आणि मग ‘रेनामो’चे बंडखोर. आधी ऱ्होडेशियाच्या (आजचा झिम्बाब्वे) आणि नंतर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या मदतीने त्यांनी जे युद्ध पेटवलं त्यात शाळा आणि दवाखाने ठरवून जाळले. शिक्षकांना मारलं, मुलं पळवून नेऊन त्यांच्या हाती बंदुका दिल्या. ग्रासांनी उभं केलेलं बरंचसं काम त्यांच्या डोळ्यांदेखत राख झालं. हे युद्ध थांबायला १९९२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

सामोरांच्या राजवटीतल्या अत्याचारांबद्दल त्यांना जबाबदार धरता येतं का?

काही प्रमाणात, हो. फ्रेलिमोची एकपक्षीय सत्ता होती. विरोधक आणि ‘समाजविघातक’ ठरवलेली माणसं पुनर्शिक्षण छावण्यांत डांबली जात. १९८३ मध्ये शहरांतल्या बेकार लोकांना उचलून दूरच्या न्यासा प्रांतात सोडून दिलं गेलं, त्यातले कित्येक तिथेच मेले. त्याच वर्षी जाहीर फटक्यांची शिक्षा कायद्यात आली. ग्रासा त्या मंत्रिमंडळात होत्या. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक लोक हा भाग दोन ओळींत उरकतात, ते मला पटत नाही.

१९८६ च्या विमान अपघाताचं गूढ काय आहे?

१९ ऑक्टोबर १९८६ ची रात्र. सामोरा झांबियातल्या म्बाला इथली शेजारी देशांच्या नेत्यांची बैठक आटोपून मापुतोला परतत होते. दोनच दिवसांपूर्वी ग्रासांचा ४१ वा वाढदिवस झाला होता. रशियन बनावटीचं तुपोलेव विमान मापुतोच्या अलीकडे अचानक उजवीकडे वळलं आणि सरहद्दीच्या किंचित पलीकडे, दक्षिण आफ्रिकेतल्या म्बुझिनी इथे, लेबोंबोच्या डोंगराला धडकलं. सामोरांसह ३५ जण गेले, ९ वाचले.

वळण का घेतलं, हाच सगळा वाद. दक्षिण आफ्रिकेने नेमलेल्या मार्गो आयोगाने रशियन वैमानिकांच्या हलगर्जीपणावर ठपका ठेवला. सोव्हिएत तज्ज्ञांचं म्हणणं वेगळं: कुणीतरी खोटा रेडिओ संकेत सोडून विमानाला चकवलं. १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सत्यशोधन आयोगाने प्रकरण पुन्हा उघडलं. आयोगाला ठाम निष्कर्ष काढता आला नाही, पण आणखी तपास व्हायला हवा असं त्याने नोंदवलं. ग्रासांचं मत पहिल्यापासून एकच आहे: हा घात होता आणि तो दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने केला.

डोंगरावर १९९९ मध्ये स्मारक झालं. मोझांबिकचे वास्तुविशारद जुझे फोर्जाझ यांनी तिथे ३५ पोलादी नळ्या उभ्या केल्या. वारा सुटला की त्या हुंकारल्यासारख्या वाजतात.

यात गोव्याचा संबंध कुठे येतो?

त्याच विमानात आकिनो द ब्रागांसा होते. जन्म १९२४, गोवा. पोर्तुगीज वसाहतवादाविरुद्ध आयुष्य घालवलेले पत्रकार आणि अभ्यासक, मापुतोच्या एदुआर्दो मोंदलाने विद्यापीठातल्या आफ्रिका अभ्यास केंद्राचे संचालक आणि सामोरांचे विश्वासू सल्लागार. १९८२ मध्ये याच केंद्रात आलेल्या पार्सल बाँबने दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषविरोधी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट यांचा जीव घेतला. त्या खोलीत आकिनोही होते, ते जखमी होऊन वाचले. चार वर्षांनी म्बुझिनीला वाचले नाहीत.

हा एकाच माणसाचा योगायोग नव्हे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले आणि तिथे गेलेल्या गोवेकर कुटुंबांच्या पिढ्यान् पिढ्या रुजल्या. १९६१ मध्ये भारताने गोवा मुक्त केल्यावर पोर्तुगीजांनी राग काढला तो मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर. त्यांना छावण्यांत ठेवलं, मालमत्ता गोठवली, अनेकांना देशाबाहेर काढलं. पणजीच्या किंवा मडगावच्या जुन्या घरांत आजही कुणाचे तरी आजोबा ‘लोरेन्सो मार्क्सला होते’ असं ऐकायला मिळतं, ते याच इतिहासामुळे.

सामोरांच्या मृत्यूनंतर त्यांनी काय केलं?

पाच वर्षं काळे कपडे घातले, असं सांगतात. तुरुंगातून नेल्सन मंडेलांनी आणि बाहेरून त्यांच्या तेव्हाच्या पत्नी विनी यांनीही सांत्वनाचा संदेश पाठवला होता. पुढे १९९४ मध्ये त्यांनी ‘समुदाय विकास प्रतिष्ठान’ ही मोझांबिकमधली संस्था उभी केली आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचं बोलावणं आलं.

तो ‘माशेल अहवाल’ इतका महत्त्वाचा का मानतात?

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच. सशस्त्र संघर्षाचा मुलांवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करायला सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांनी त्यांना नेमलं. दोन वर्षं त्या अंगोला, कंबोडिया, कोलंबिया, लेबनॉन, रवांडा, सिएरा लिओन, उत्तर आयर्लंड, पूर्वीचा युगोस्लाव्हिया अशा ठिकाणी फिरल्या. १९९६ मध्ये अहवाल आमसभेपुढे आला.

असे अहवाल गुळमुळीत असतात, हा नव्हता. मागच्या दहा वर्षांत युद्धांमुळे सुमारे २० लाख मुलं मेली, हा आकडा त्यात होता. युगांडात एके-४७ रायफल एका कोंबडीच्या किमतीला मिळते आणि उत्तर केनियात एका बकरीच्या, हेही होतं. हलक्या शस्त्रांमुळे दहा वर्षांचं पोरही सैनिक होऊ शकतं, हे त्यापुढे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. आणि ज्यांनी काम दिलं त्या संयुक्त राष्ट्रांनाही सोडलं नाही. मुलांच्या लैंगिक शोषणावर बारा देशांचा अभ्यास केला होता. त्यातल्या सहा ठिकाणी शांतिसेना आल्यानंतर बालवेश्याव्यवसाय झपाट्याने वाढला होता, असं त्यांनी थेट लिहिलं.

परिणाम कागदावरच राहिले नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी मुलं आणि सशस्त्र संघर्ष या विषयासाठी कायमचा विशेष प्रतिनिधी नेमला (पहिले ओलारा ओतुन्नू, १९९७). सन २००० मध्ये बालहक्क कराराला जोड देऊन १८ वर्षांखालच्या मुलांना सक्तीने सैन्यात घ्यायला बंदी झाली. मुलं अजूनही लढवली जातात, हे खरंच आहे. पण तो गुन्हा आहे हे आता कुणाला सिद्ध करत बसावं लागत नाही.

मंडेलांशी लग्न कसं जमलं?

हळूहळू. मंडेला सुटल्यावर १९९० मध्ये मापुतोला आले, तेव्हा पहिली भेट झाली. सामोरांच्या मुलांचं पालकत्व मंडेलांच्याच आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाचे नेते ऑलिव्हर तांबो यांच्याकडे मानलं जाई. १९९३ मध्ये ते गेल्यावर ती जबाबदारी मंडेलांकडे आली. विनींशी मंडेलांचा घटस्फोट १९९६ मध्ये झाला आणि त्यानंतर दोघं उघडपणे एकत्र दिसू लागली. ग्रासा मात्र लग्नाला तयार नव्हत्या. महिन्यातले काही दिवस जोहान्सबर्ग, बाकी मापुतो, असा त्यांचा शिरस्ता. लग्नाशिवाय एकत्र राहून तरुणांपुढे काय आदर्श ठेवताय, असं आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी मंडेलांना जाहीरपणे सुनावलं.

शेवटी १८ जुलै १९९८ ला, मंडेलांच्या ८० व्या वाढदिवशी, जोहान्सबर्गच्या हॉटन भागातल्या घरी मोजक्या माणसांत लग्न लागलं. राष्ट्राध्यक्षांचे प्रवक्ते तोवर पत्रकारांना ‘असं काही नाही’ म्हणून सांगत होते. टुटू लग्नाला हजर होते, हे वेगळं सांगायला नको.

त्यांनी ‘मंडेला’ आडनाव का लावलं नाही?

मोझांबिकसाठी ‘माशेल’ हे एका घराचं आडनाव नाही, स्वातंत्र्याच्या इतिहासाचा भाग आहे. ते सोडायला त्या तयार नव्हत्या आणि मंडेलांनीही आग्रह धरल्याचं दिसत नाही. त्यांच्या मुलाखतींत एक सूर कायम असतो: मी अमक्याची बायको नाही, मी मी आहे.

प्रथम महिला या पदाला दक्षिण आफ्रिकेत काही अधिकार असतात का?

घटनेत असं पदच नाही. मंडेलांच्या शपथविधीला १९९४ मध्ये त्यांच्या सोबत मुलगी झेनानी होती आणि कुणाचं काही अडलं नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांच्या काळात तर एकाच वेळी अनेक पत्नी होत्या.

विनी मंडेलांशी त्यांचे संबंध कसे होते?

बातमीदारांना भांडण हवं होतं, ते त्यांना मिळालं नाही. मंडेलांच्या शेवटच्या आजारपणात दोघी त्यांच्या उशाशी असायच्या. डिसेंबर २०१३ मध्ये अंत्यविधीच्या वेळी दोघी एकमेकींना धरून होत्या. २०१८ मध्ये विनी गेल्या, तेव्हा ग्रासांनी त्यांना थोरली बहीण म्हणून निरोप दिला.

मंडेलांच्या संपत्तीतला वाटा त्यांना मिळाला का?

फेब्रुवारी २०१४ मध्ये मृत्युपत्र जाहीर झालं. मालमत्तेचं प्राथमिक मूल्य ४ कोटी ६० लाख रँड. लग्न सामायिक मालमत्तेच्या कायद्याखाली झालं असल्यामुळे निम्म्यावर त्यांचा हक्क होता, पण तो ९० दिवसांत सांगायचा होता. त्यांनी तो सोडला. मृत्युपत्रात त्यांच्या नावे असलेली मोझांबिकमधली घरं आणि काही वस्तू तेवढ्या घेतल्या.

मंडेलांनंतर त्या कशात गुंतल्या?

बरीचशी कामं मंडेला असतानाच सुरू झाली होती. केप टाउन विद्यापीठाच्या त्या १९९९ ते २०१९ अशी वीस वर्षं कुलपती होत्या. २००७ मध्ये मंडेला आणि टुटूंसोबत ‘द एल्डर्स’ हा ज्येष्ठ नेत्यांचा गट स्थापन झाला, त्यात अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेच्या इला भट्ट त्यांच्या सहकारी होत्या. बालविवाह थांबवण्याचं काम या गटाने हाती घेतलं आणि त्यातून २०११ मध्ये ‘गर्ल्स नॉट ब्राइड्स’ ही जागतिक आघाडी उभी राहिली.

केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर दंगली भडकल्या, हजारावर माणसं मारली गेली. तेव्हा मध्यस्थीला जे तिघं गेले ते कोफी अन्नान, टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन म्कापा आणि ग्रासा माशेल. २८ फेब्रुवारी २००८ ला समझोता झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अन्नान आणि जिमी कार्टर यांच्यासोबत त्या झिम्बाब्वेला निघाल्या होत्या, पण मुगाबे सरकारने तिघांनाही व्हिसा नाकारला. जोहान्सबर्गला बसूनच त्यांनी झिम्बाब्वेतल्या लोकांना बोलावून घेतलं आणि तिथल्या उपासमारीची माहिती जगापुढे मांडली. २०१० मध्ये स्थापन झालेला ‘ग्रासा माशेल ट्रस्ट’ प्रामुख्याने आफ्रिकेतल्या स्त्रियांच्या आर्थिक हक्कांसाठी आणि मुलांसाठी काम करतो.